न सांगितलेला शेवट



वेताळपंचविशीतला वेताळ हा मोठा धूर्त कथेकरी आहे. विक्रम राजाच्या खांद्यावर बसून तो गोष्ट सांगतो, ती नेमकी पेचाच्या जागी आणतो आणि तिथेच थांबून विचारतो की, राजा, आता तूच निवाडा कर. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले व्हायची. आणि बोलला तर मौन मोडून वेताळ पुन्हा झाडाला जाऊन लोंबकळायचा. राजा दर वेळी बोलतो. शेवटच्या कोड्याशी मात्र तो अडतो. बापाने एका मुलीशी लग्न लावले आणि त्याच्याच मुलाने त्या मुलीच्या आईशी लग्न लावले, तर त्यांच्या पोरांचे एकमेकांशी नाते काय? राजाला उत्तर सुचत नाही, तो मुकाट्याने चालत राहतो, आणि त्याच्या त्या मौनावरच वेताळ प्रसन्न होतो.

या जुन्या कथामालेने एक गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. कथेच्या शेवटी उरणारे प्रश्न दोन जातींचे असतात. काहींना उत्तर असते, ते शोधावयाचे असते. काहींना उत्तर नसते, आणि त्यांच्यापुढे किती वेळ प्रामाणिकपणे उभे राहता येते एवढेच पाहावयाचे असते. आजच्या व्याख्यानाचा विषय या दोन जातींमधला फरक हाच आहे. लेखकाने शेवट स्पष्ट केला नाही म्हणजे वाचक, प्रेक्षक आणि हल्ली खेळाडूसुद्धा आपापले तर्क रचू लागतात. हे तर्क कसे जन्माला येतात, त्यांतले कोणते ग्राह्य आणि कोणते टाकाऊ, याचा थोडा विचार करू.

‘खेळाडू’ हा शब्द ऐकून काहींना आश्चर्य वाटले असेल. घरातली मुले पडद्यासमोर बसून जे व्हिडिओ गेम खेळतात, त्यांकडे वडीलधारी माणसे डोळे बिघडवणारे व्यसन म्हणून पाहतात. परंतु त्यांपैकी काही खेळ म्हणजे लांबलचक कादंबऱ्याच असतात. फरक इतकाच की नायकाने पुढे काय करावे हे वाचणाराच ठरवतो. कॅनडातील बायोवेअर या कंपनीने ‘मास इफेक्ट’ नावाची अशी एक खेळमालिका काढली. तिचे पहिले तीन भाग २००७, २०१० आणि २०१२ या वर्षी आले. तिचा नायक शेपर्ड नावाचा सेनानी. तो पुरुष असावा की स्त्री, हेही खेळाडूच ठरवतो. दर ५० हजार वर्षांनी आकाशगंगेतील साऱ्या प्रगत जाती खुडून नेणारी ‘रीपर’ नावाची प्रचंड यंत्रे येतात, आणि त्यांच्याशी शेपर्डला झुंजावयाचे असते. पहिल्या भागात तुम्ही कोणाचा जीव वाचवलात, कोणाला मरू दिलेत, याची नोंद पुढच्या भागांत तशीच चालत येते. म्हणजे पाच वर्षे खेळलेल्या माणसाच्या गाठीला त्याच्या स्वतःच्या निर्णयांचा एक भला मोठा हिशेब जमलेला होता.

तिसऱ्या भागाच्या शेवटी शेपर्ड शत्रूच्या किरणाने होरपळून पडतो, कसाबसा उठतो, आणि एका अवकाशनगरीत पोचतो. तिथे लहान मुलाच्या रूपातली एक शक्ती त्याला तीन मार्ग दाखवते: यंत्रांचा नाश, यंत्रांवर ताबा, किंवा यंत्र आणि जीव यांचे एकीकरण. नाश निवडला तर शेपर्डची मित्र झालेली यंत्रबुद्धीही मरते. तिघांतले काहीही निवडले तरी पुढची दृश्ये जवळजवळ सारखीच; पालटतो तो मुख्यतः प्रकाशाचा रंग. पाच वर्षांच्या हिशेबाचे उत्तर एका रंगात आले. खेळाडू खवळले, आणि त्या संतापातून एक तर्क निघाला. त्याला आपण ‘वशीकरणाचा सिद्धान्त’ म्हणू.

या मालिकेचा एक नियम आहे. रीपरांच्या सहवासात जो फार काळ राहतो त्याचे मन हळूहळू त्यांच्या कह्यात जाते. त्याला आवाज ऐकू येतात, सावल्या दिसतात, आणि शत्रूचे म्हणणे आपलेच मत वाटू लागते. तर्क करणारे म्हणाले, शेपर्डही याच वशीकरणाला बळी पडत आहे. किरण लागल्यानंतरचे सारे त्याच्या मनातले आहे, आणि ते तीन मार्ग म्हणजे त्याचे मन जिंकण्याचा शेवटचा डाव आहे. पुरावे पाहा. तिसऱ्या भागाच्या आरंभी एक लहान मुलगा दिसतो, पण शेपर्डखेरीज कोणी त्याच्याशी बोलत नाही. तो यानात चढताना त्याला कोणी हातही देत नाही. पुढे तोच मुलगा काळ्या सावल्यांच्या अरण्यात स्वप्नात येतो, आणि अखेरची शक्तीही नेमके त्याचेच रूप घेते. सबंध मालिकेत निळा रंग सौजन्याचा आणि तांबडा उग्रपणाचा. शेवटी मात्र शत्रूवर ताबा मिळवून त्याच्यासारखे होण्याचा मार्ग निळा आणि शत्रूच्या नाशाचा मार्ग तांबडा. आणि सर्वांत मोठा पुरावा हा, की पुरेसे सैन्यबळ जमवून नाशाचा मार्ग निवडला, तर अगदी शेवटी ढिगाऱ्यात पडलेले एक चिलखतधारी शरीर दिसते आणि ते एक श्वास घेते. अवकाशनगरीत जळून गेलेला माणूस ढिगाऱ्यात श्वास कसा घेईल? अर्थात तो ढिगाऱ्यातून कधी उठलाच नव्हता!

तर्क मोठा देखणा आहे, हे कबूल केले पाहिजे. तो खेळाबाहेरून काही आणत नाही. खेळाचाच नियम खेळाच्या नायकाला लावतो. तथापि त्याचे एक मर्मस्थान दुबळे आहे. एकदा सारे स्वप्न मानले की विरोधी पुरावा उरतच नाही. एखादी गोष्ट विसंगत दिसली तर ती स्वप्नाची खूण. सुसंगत दिसली तर ती स्वप्नाची चलाखी. ज्या तर्काला हरताच येत नाही, त्याच्या जिंकण्यालाही किंमत नसते. २०१२च्या जूनमध्ये कंपनीने विनामूल्य वाढीव शेवट दिला. त्यात प्रत्येक मार्गानंतर जगाचे काय झाले ते दाखवले आणि तिन्ही मार्ग नाकारण्याचा चौथा मार्गही ठेवला. युद्धानंतरचे जग दाखवावयाचे तर युद्ध खरोखर संपलेले असले पाहिजे. तेव्हा हा नवा भाग तर्काच्या विरुद्ध गेला. तरीही मानणाऱ्यांनी तो सोडला नाही.

का सोडला नाही, याचे उत्तर मला तर्कशास्त्रापेक्षा मायेत सापडते. आवडत्या कारागिराने काम बिघडवले हे मान्य करणे जड जाते. त्यापेक्षा त्याने मुद्दाम बिघडवल्यासारखे दाखवले, आणि आत काही थोर योजना दडवली, असे मानणे सुखाचे असते.

हे काही आजच घडले असे नव्हे. १८९३च्या डिसेंबरात आर्थर कॉनन डॉइल यांनी शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडमधील धबधब्यात लोटून दिले. प्रेत कोणी पाहिले नव्हते. १९०३ साली लेखकाने त्याला परत आणले. तो पडलाच नव्हता असा खुलासा केला. वाचक आनंदले, पण चिकित्सक वाचकांना परत आलेला होम्स पहिल्यासारखा वाटेना. १९११ साली रोनाल्ड नॉक्स या विद्वान विनोदकाराने धर्मग्रंथांच्या पंडिती चिकित्सेची नक्कल करत होम्सकथांवर एक निबंध वाचला. त्यात त्याने असा पक्ष विचारात घेतला आहे की, होम्स धबधब्यात खरोखरच मेला, आणि नंतरच्या कथा डॉक्टर वॉटसनने आपल्या पदरच्या रचल्या. पाहिलेत ना? धबधब्यानंतरचे सारे खोटे, किरण लागल्यानंतरचे सारे स्वप्न, युक्तिवाद तोच. न आवडलेला भाग कथेतून बाहेर काढावयाचा आणि तो बाहेर का, याचे कारण कथेतच शोधावयाचे.

आता आपल्या रंगभूमीकडे येऊ. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीला विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवले, तेव्हा शेवट काय होणार याची चिंता कोणालाच नव्हती. धनुष्य कोण मोडणार हे पोराटोरांनाही ठाऊक होते. सर्वांना माहीत असलेला शेवट कसा येतो, एवढेच पाहावयास लोक जात. पण माहीत असलेल्या शेवटातूनही प्रेक्षक नवा अर्थ काढू शकतात, हे दाखवणारा नाटककारही सांगलीतच जन्मला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. कथा महाभारताची, शेवट सर्वश्रुत. नाटकात लॉर्ड कर्झनचे नाव कोठेही नाही. तरी प्रेक्षकांनी कीचकात कर्झन पाहिला, सैरंध्रीत हिंदभूमी पाहिली, सबुरी सांगणाऱ्या युधिष्ठिरात मवाळ आणि हात शिवशिवणाऱ्या भीमात जहाल ओळखले. हा तर्क सरकारलाही इतका पटला की १९१० साली नाटकावर बंदी आली.

या तर्काचे बळ कशात होते? तो एका पात्राला लावून थांबत नाही. एकाला लावला की बाकीची पात्रे आपोआप आपापल्या जागी बसतात. किल्ली खरी असली की कुलपाचे सारे खटके एकदम उठतात, तसे हे आहे.

आपल्या महाबळेश्वरच्या माणसाला हे समजावयास दूर जावयास नको. क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाचही नद्या एका गोमुखातून येतात असे आपण मानतो. पुढे कृष्णा पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते, सावित्री पश्चिमेला अरबी समुद्राला मिळते. एका शेवटाचे अर्थही असेच दोन विरुद्ध समुद्रांना जाऊ शकतात, त्याला हरकत नाही. अट एवढीच की पाणी गोमुखातले असावे. वाटेत कोणी घागर ओतून त्याला नदी म्हणू नये.

आता ज्या मराठी कृतीचा न सांगितलेला शेवट मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तिच्याकडे वळतो. ती कृतीही एका खेळाचीच आहे. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली ‘रंगायन’ने सादर केले. दिग्दर्शक अरविंद देशपांडे होते आणि लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. मुंबईची एक हौशी मंडळी एका गावी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी येते. प्रयोगाला अवकाश असतो. वेळ घालवण्यासाठी, आणि गावच्या सामंताला कोर्ट म्हणजे काय ते कळावे म्हणून, एक लुटुपुटीचा खटला उभा करतात. आरोपी ठरते अविवाहित शिक्षिका बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. थट्टेत सुरू झालेला खटला पाहता पाहता खरा होतो. कोणी काय पाहिले, कोणी काय ऐकले, ते बाहेर येते. तिला दिवस गेले आहेत, आणि ज्याच्यापासून गेले ते प्राध्यापक दामले आज आलेलेच नाहीत. तिच्याजवळची ढेकणांच्या औषधाची बाटली निघते. ती तोंडाला लावू पाहते तेव्हा एक सोबती ती उडवून देतो. अखेर न्यायाधीश झालेले काशीकर तिला बोलावयास दहा सेकंद देतात. ती दीर्घ स्वगत बोलते. तेवढा वेळ बाकीची माणसे पुतळ्यांसारखी थिजलेली असतात. मग निकाल लागतो: तू जग, पण तुझ्या पोटातला गर्भ नष्ट झाला पाहिजे. ज्या गुन्ह्याचा आरोप, तोच गुन्हा शिक्षा म्हणून!

बेणारे कोसळते. इतक्यात गावची माणसे खऱ्या प्रयोगासाठी दाराशी येतात, आणि मंडळी क्षणात भानावर येतात. अहो, हा तर खेळ होता, मनाला काय लावून घ्यायचे, असे म्हणत ती रंगायला आत निघून जातात. सामंत एक हिरवा कापडी पोपट तिच्याजवळ ठेवून हलकेच जातो. बेणारे क्षीणशी हालचाल करते, पुन्हा निश्चल होते. कोठून तरी तिच्याच आवाजातले चिमणी-पोपटाचे गाणे ऐकू येते. पडदा.

नाटकघराबाहेर पडताना लोक विचारतात: ती मेली का? तर्क तीन दिशांना जातात. पहिला म्हणतो, ती मेली किंवा मरणार. बाटली नाटकात उगीच आणलेली नाही, आणि गाणे कोठून तरी येते याचा अर्थ ती आता इथे उरली नाही. दुसरा म्हणतो, ती जिवंत आहे; बाटली तर तिच्या हातातून गेली. ती उठेल, रंगेल, प्रयोग करील आणि उद्या शाळेतही जाईल. तिसरा तर्क अधिक सूक्ष्म आहे. तो म्हणतो, ते स्वगत ती मोठ्याने बोललीच नाही. इतरांचे थिजणे हीच खूण आहे. दहा सेकंदांत तिच्या मनात जे उसळले ते फक्त आपण ऐकले; कोर्टाने ऐकले नाही.

मघाच्या कसोट्या या तिन्ही तर्कांना लावून पाहा. तिन्ही नाटकातलेच पाणी भरतात. परंतु पहिला तर्क ती क्षीण हालचाल वगळतो, आणि दुसरा तिचे पुन्हा निश्चल होणे वगळतो. तिसऱ्याला काहीच वगळावे लागत नाही. उलट त्याने पुढचेही नीट उलगडते: स्वगतानंतर निकाल जराही का बदलत नाही, मंडळी इतक्या सहज रंगायला का जातात. त्यांनी काही ऐकलेच नव्हते. त्या सबंध दालनात तिचे म्हणणे ऐकणारे असे फक्त आपण प्रेक्षक होतो.

इथे प्रश्नाचे रूप पालटते. ढिगाऱ्यातला श्वास आणि कापडी पोपटाजवळची हालचाल, दोन्ही शेवट एका चिमुकल्या हालचालीवर संपतात. पण दोहोंचे काम निराळे आहे. शेपर्डचा श्वास हे ज्याने पुरेसे बळ जमवले त्याला मिळालेले बक्षीस आहे. आणखी शोध, उत्तर आहे, असे तो सुचवतो. बेणारेच्या हालचालीत असे आश्वासन नाही. ती मेली असे ठरले तर आपण हळहळून मोकळे होतो. ती जगली असे ठरले तर बरे झाले म्हणून मोकळे होतो. नाटककार आपल्याला दोन्ही वाटांनी मोकळे होऊ देत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या खोट्या कोर्टाने दुसरे काय केले? त्यांनीही तर्कच रचला. कोणाला कोठे पाहिले, कोण कोणाशी काय बोलले, अशा चिंध्या जोडून त्यांनी एका जिवंत बाईच्या आयुष्याची कथा शिवली आणि तिचा शेवटही ठरवून टाकला. त्यांचे पुरावे अगदीच खोटे नव्हते. तिला दिवस गेले होते हे खरे होते. म्हणून तर हे नाटक भयंकर वाटते. तर्क खरा निघाला तरी तो करण्याचा अधिकार त्यांना होता काय, हा प्रश्न उरतोच. आणि पडदा पडल्यावर ‘तिचे पुढे काय झाले असेल’ म्हणून चवीने बोलणारे आपण, नकळत त्याच बाकावर जाऊन बसत नाही काय?

कथेतल्या पात्राविषयी कितीही तर्क करावेत. त्याने कोणाचे बिघडत नाही, उलट बुद्धीला व्यायाम होतो. व्हिडिओ गेममध्ये तर मागे जाऊन दुसरा मार्ग निवडून पाहता येतो. पण तर्क रचण्याची गोडी एकदा लागली की ती पात्रापाशी थांबत नाही. ती शेजाऱ्याच्या घरात, आळीतल्या मुलीच्या वागण्यात शिरते. तिथे मागे जाण्याची सोय नसते. लहान गावात हे मला अधिक सांगावयास नको. इथे पर्यटकांचा हंगाम संपला की सर्वांना सर्वांचे सारे ठाऊक असते, निदान तसे वाटते.

म्हणून पुढच्या वेळी एखादे नाटक किंवा चित्रपट शेवट न सांगता संपला, अथवा भिलारच्या पुस्तकांच्या गावात एखाद्या घरी बसून वाचलेल्या कादंबरीने अखेरच्या पानावर तोंड मिटून घेतले, किंवा घरातला मुलगा त्याच्या खेळाचा अर्थ तावातावाने सांगू लागला, तर त्याला गप्प करू नका. त्याला चार प्रश्न विचारा. तुझा तर्क कथेतूनच निघतो का? त्याला अडचणीचे असलेले काही तू वगळतोस का? तो चूक ठरावा असे काही घडू शकते का? आणि तो खरा मानल्याने कोणाला मोकळे सुटता येते? पहिल्या तीन प्रश्नांनी त्याची बुद्धी तासली जाईल. चौथा प्रश्न त्याच्याबरोबर आपण स्वतःलाही विचारावयाचा आहे.

२०१३ सालच्या ‘फँड्री’ या चित्रपटात नागराज मंजुळे यांनी शेवटी असेच केले. अपमानाने पेटलेला जब्या दगड भिरकावतो, तो थेट पडद्याबाहेर आपल्या दिशेने येतो, आणि चित्रपट संपतो. दगड कोणाला लागला, हा प्रश्न तिथे विचारण्याजोगा आहे. उत्तर ज्याने त्याने द्यावयाचे आहे. आणि ज्याला ते देता येत नसेल त्याने विक्रम राजासारखे थोडा वेळ मुकाट्याने चालावे, हेही उत्तरच आहे.